बोट लावून बघ

रेडिओ दुरुस्तीला आला की बाबा आधी मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडायचे, सेट चालू करायचे आणि व्हॉल्यूमच्या बटणामागे जे तीन कान असतात त्यातल्या मधल्याला बारीक स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याच्या पात्यावर आपलं बोट ठेवायचे. स्पीकरमधून 'गुंऽऽ' असा जाडसर आवाज आला की म्हणायचे, "इथून पुढचं जिवंत आहे." नाही आला, तर बिघाड तिथपासून स्पीकरपर्यंत कुठेतरी. मग मीटर, मग राळेचा वास, मग सोल्डर. ठाकूरद्वारला जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं, एवढं. शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर बसून असायचे. एकदा विचारलं, हा गुंऽऽ येतो कुठून? म्हणाले, "आपल्यातून. भिंतीतल्या वायरी दिवसभर गुणगुणत असतात, ते अंगाला लागतं. बोट लावून बघ."

मी लावलं. गुंऽऽ.

दुकान १९९८ साली बंद झालं. मी तोवर जीवशास्त्राकडे गेले होते, आणि तेव्हापासून एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवते आहे. झुरळाची चेतासंस्था फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याचा हिशेब नाही. खडूने एक लांब दोरी, तिच्यावर गाठी, डोक्यात थोडा मोठा गठ्ठा. आता सगळे म्हणतात फळा गेला, स्क्रीन आली. आकृती तीच आहे. त्या दोरीतून प्रत्यक्षात काय जातं हे मी स्वतः कधी बघितलेलं नव्हतं, हे कबूल करायला मला पन्नाशी गाठावी लागली.

२०१९च्या पावसाळ्यात बाबांच्या उजव्या हाताची बोटं रात्री बधिर व्हायला लागली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. करंगळी शाबूत. करंगळी सुटली म्हटल्यावर मनगटाच्या बोगद्यातून जाणारी मीडियन नर्व्ह दाबली जात असणार हे माझ्या डोक्यात आलं होतं, पण घरच्या माणसाने केलेलं निदान घरात कोण ऐकतं? शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात एनसीव्हीची, म्हणजे चेतेतला संदेश किती वेगाने जातो ते मोजायच्या तपासणीची, तारीख मिळाली. तिथे दोन तास बसवून ठेवल्यावर कळलं की आमचा कागद भलत्याच गठ्ठ्यात गेला होता. बाबांनी तेवढ्या वेळात वेटिंग रूममधल्या बंद पडलेल्या टीव्हीची वायर कुठे सैल असेल याचा अंदाज बांधून ठेवला.

तपासणी तशी साधी असते. कोपराजवळ एक बारीक झटका देतात, मग मनगटाजवळ एक, आणि दोन्ही वेळा अंगठ्याच्या स्नायूवर चिकटवलेल्या पट्टीत विजेची उसळी किती वेळाने आली ते मोजतात. मधलं अंतर फूटपट्टीने घेतलेलं असतं. अंतर भागिले त्या दोन वेळांतला फरक. धडधाकट माणसाच्या हातात हा संदेश सेकंदाला ५० ते ६० मीटर धावतो, म्हणजे तासाला १८० किलोमीटरच्या वर. आपली कुठलीही फास्ट लोकल त्याच्या आसपास जात नाही. हे असं मोजता येईल यावर एकेकाळी कोणाचा विश्वास नव्हता. चेतेतला संदेश इतका झटपट जातो की तो कधीच मोजता येणार नाही, असं जाणकारच म्हणायचे. १८५०च्या सुमाराला हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायावर तो मोजला, सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. बाबांचा संदेश कोपरापासून मनगटापर्यंत व्यवस्थित येत होता आणि मनगटात रेंगाळत होता. दादरला गाडी वेळेवर आली आणि परळच्या सिग्नलला उभी राहिली, तसं.

मग सुईची पाळी आली. अंगठ्याच्या गादीत बारीक सुई घालतात आणि स्नायूतली वीज थेट ऐकतात. ऐकतात हे शब्दशः, कारण त्या मशीनला स्पीकर असतो. हात सैल सोडलेला असताना शांतता. "आता अंगठा जरा दाबा," म्हटल्यावर स्पीकरमधून टप्, टप्, टप्, आणि जोर वाढवला तशी तव्यावर मोहरी तडतडावी तशी तडतड. मला बाबांच्या चेहऱ्यावर वेदना दिसतील असं वाटलं होतं. ते मान तिरकी करून ऐकत होते. दुकानात दूरचं स्टेशन लावताना करायचे तशी मान.

"हम, तो गुंऽऽ, अजिबात नाही," ते तपासणी करणाऱ्या मुलीला म्हणाले. "अर्थिंग वेगळं घेतलंय का?"

तिला बिचारीला कळेना. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "माझ्या अंगठ्याचं स्टेशन लागलं होतं. पण लांबचं वाटत होतं."

या वाक्यावरून पुढचं सगळं सुरू झालं, असं मी आता सांगते. खरं तर ते लगेच काही झालं नाही. ऑपरेशन नको म्हणून बाबांनी रात्री मनगटाला पट्टा बांधायला सुरुवात केली, ते वर्ष सरलं, आणि मग २०२०चा मार्च आला. कॉलेज बंद, वर्ग फोनवर, आणि ऐंशी पार केलेले बाबा दोन खोल्यांत आणि गॅलरीत कोंडलेले. दिवसभर बातम्या ऐकून माणूस खचत चालला होता. तेव्हा डोंबिवलीतल्या माझ्या भाच्याने फोनवर एका सर्किटची आकृती पाठवली. म्हणाला, मावशी, आजोबांना दे, आणि हे तुझ्या विषयाचंही आहे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात ग्रेग गेज आणि टिम मार्झुलो नावाचे दोघे मेंदूवर संशोधन करत होते. शाळेतल्या मुलांसमोर बोलायला गेले की त्यांची पंचाईत व्हायची, कारण चेतापेशीचा आवाज ऐकवायला लागणारं सामान हजारो डॉलरचं आणि टेबलाला खिळलेलं. त्यांनी एक डबी बनवायचं ठरवलं, १०० डॉलरच्या घरात बसेल अशी, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. तिचं नाव स्पायकरबॉक्स. २००९ साली त्यांनी बॅकयार्ड ब्रेन्स ही कंपनी काढली, २०१२ मध्ये त्या डबीवर शोधनिबंध छापला, आणि मुख्य म्हणजे सर्किट सगळ्यांना खुलं ठेवलं. दोन टाचण्या, एक ऍम्प्लिफायर, एक गाळणी, एक छोटा स्पीकर, आणि वाटलं तर फोनला जोडायची वायर. फोनच्या पडद्यावर मग लाटा दिसतात. टाचण्या टोचायच्या झुरळाच्या पायात.

बाबांनी चष्मा कपाळावर नेऊन फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे? हा तर टेपच्या हेडचा प्री-ऍम्प आहे." मग थोडा वेळ बघून, "नाही. हा दोन कानांचा आहे."

ते दोन कान म्हणजे या डबीतली खरी गंमत. चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा विजेचा दाब साधारण ७० मिलिव्होल्टने कमी असतो. सोडियम आणि पोटॅशियमचे आयन पेशीच्या पडद्याच्या अल्याड-पल्याड असमान वाटून ठेवल्यामुळे तो तयार होतो. संदेश जातो म्हणजे पडद्यातली दारं क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतो, दाब १०० मिलिव्होल्टने उसळतो, पोटॅशियम बाहेर पडतो आणि जैसे थे. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास. पण हा हिशेब पेशीच्या आतला. आपण टाचणी टोचतो बाहेर, पायातल्या ओल्या मांसात, आणि तिथे येईपर्यंत त्या उसळीचा उरतो फार तर एका व्होल्टचा दहा हजारावा भाग, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आणि भिंतीत धावतात २३० व्होल्ट. प्रमाण काढलं तर तेवीस लाखांस एक. गणपती विसर्जनाच्या दिवशी गिरगाव नाक्यावर कोणीतरी खिशातल्या खिशात चिल्लर वाजवतंय आणि आपल्याला ती मोजायची आहे.

म्हणून दोन टाचण्या. भिंतीतली गुणगुण दोन्ही टाचण्यांना सारखीच ऐकू येते, आणि ऍम्प दोन्हींची वजाबाकी करतो. जे सारखं ते कटलं. चेतेतला आवेग, म्हणजे ती उसळी, मात्र एका टाचणीपाशी आधी पोचते, दुसरीपाशी नंतर किंवा पोचतच नाही, त्यामुळे ती वजाबाकीतून शिल्लक राहते. उरलेल्यावर गाळणी, साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं अडवणारी. मग शेकडो पट मोठं करून स्पीकरकडे. चाळीतल्या बातमीचा माझा अनुभव असाच आहे: दोन्ही शेजारणी जे एकाच सुरात सांगतात ते सोडून द्यायचं.

जुलैमध्ये दुकानं एक दिवस रस्त्याच्या या बाजूची, दुसऱ्या दिवशी त्या बाजूची अशी उघडत होती. मी मास्क लावून ऑपेरा हाऊसवरून चालत लॅमिंग्टन रोडला गेले. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथे जाऊन कोणाला तसं विचारलं तर तो आधी आपल्याकडे बघेल आणि मग गुगलकडे. बाबांनी यादी लिहून दिली होती, त्यांच्या थरथरत्या अक्षरात. एडी ६२०, टीएल ०७२, एलएम ३८६ या तीन चिप, सुटे भाग टाके मारून बसवायचा व्हेरोबोर्ड, आठ ओहमचा स्पीकर. एलएम ३८६ म्हटल्यावर दुकानदाराने न बघता हात मागे नेऊन काढून दिली, भाजीवाला कढीपत्ता देतो तशी. एडी ६२० ऐकून थांबला. "ओरिजिनल देऊ, की चालेल तसं?" किमतीत भलताच फरक होता. मी 'चालेल तसं' घेतलं. ते चाललं नाही. बाबांनी दोन दिवस सर्किट उलटंपालटं तपासलं, शेवटी चिपवर नख घासलं तर नंबरच पुसला गेला. परत चालत जाऊन ओरिजिनल आणली. बाबांना हे सगळं प्रकरण आवडलं होतं. बातम्या ऐकायच्या राहून गेल्या.

सोल्डर मात्र मला करावं लागलं. त्यांच्या बोटांना आयर्न नीट धरवत नव्हती. ते शेजारी बसून सांगायचे, "टाक्यावर धर, तारेवर नको. आता कथील दे. सोड. हलवू नको. फुंकू नको!" ज्या हाताने जन्मभर टाके मारले तो हात मांडीवर, तळवा वर करून ठेवलेला असायचा.

झुरळ मिळवायला गिरगावच्या चाळीत कष्ट नाहीत. मोठं, तांबूस, मोरीच्या जाळीतून वर येणारं. पाठ्यपुस्तकातलं पेरिप्लॅनेटा अमेरिकाना हेच. एके काळी अकरावीच्या प्रात्यक्षिकात मुलं ते मेणाच्या ताटात टाचायची. यूजीसीने पदवीच्या वर्गांतली विच्छेदनं बंद केली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही खरं आहे. त्यामुळे आता स्वतःच्या स्वयंपाकघरात ते काढताना मन कचरलं. रीत अशी की झुरळाला बर्फाच्या पाण्यात ठेवायचं, ते निपचित पडतं, मग एक पाय काढायचा आणि झुरळ सोडून द्यायचं. "पाय परत येतो" असं सांगतात. येतो, पण पिल्लाचा, कात टाकताना. मोठ्या झुरळाची कात टाकणं संपलेलं असतं, त्याचा येत नाही. मी बर्फात मोठंच झुरळ घातलं होतं. एक पिल्लू शोधत बसले असते तर बरं झालं असतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्या हाताने एरवी चप्पल उगारते त्याच हाताला चिमटा धरल्यावर कंप सुटला, एवढं आठवतं.

आता डबी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसवलं होतं, कारण पत्रा बाहेरची गुणगुण अडवतो आणि बाबांच्या मते बिस्किटांचा डबा वाया घालवणं हे पाप. पायाच्या मांडीच्या भागात एक टाचणी, खुब्याच्या भागात दुसरी. मी बटण दाबलं.

गुंऽऽऽ.

पुढचे आठ दिवस आम्ही फक्त हा आवाज हुसकावत होतो. ५० हर्ट्झ गाळणीत अडायला हवा, पण घरातली वीज काही सोवळी नसते. ट्यूबलाइटचा चोक, फोनचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हे सगळे त्या पन्नासाच्या पाढ्यातले वरचे आकडे सोडत राहतात, साडेतीनशे, साडेचारशे, साडेपाचशे, आणि ते गाळणीतून सुखरूप निघून येतात. बाबा एकेक काढत गेले. चार्जर बंद. ट्यूब बंद. रेग्युलेटरपाशी आल्यावर त्यांना जुना संताप आला; ठोकळ्यासारखा मोठा, गरम होणारा रेग्युलेटर काढून हा नाजूक बसवायला आमच्या आईने लावलं होतं, आणि ती आता बोलणी खायला नाही. फ्रिज चालू झाला की आवाज, लिफ्ट नसलेल्या आमच्या चाळीत समोरच्या टॉवरची लिफ्ट चालली तरी आवाज, असं त्यांचं म्हणणं. लिफ्टचं मला पटलं नाही. मोबाइलवर फोन यायच्या आधी स्पीकरमधून टर्र-टर्र-टर्र यायचं ते मात्र मलाही आधी कळायला लागलं. मी फोन उचलायला वळायचे आणि मग तो वाजायचा.

आणि एका सकाळी ऐकू आलं. गुणगुण खाली दबलेली, आणि तिच्यावर तडतड, तडतड, थांबून परत तडतड. मी ओरडलेच. बाबा उठून आले. आम्ही दोघं त्या पायाकडे बघत उभे. किती जिवंत आहे, मी म्हटलं. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा मिक्सर थांबला. झुरळही थांबलं. काकूंनी चटणी ढवळून झाकण परत लावलं, आणि झुरळ परत सुरू.

मिक्सरच्या मोटरमध्ये ब्रश असतात, ते ठिणग्या टाकतात, आणि त्या ठिणग्या डबीला हुबेहूब आवेगांसारख्या ऐकू येतात. बाबा हसून हसून गादीवर बसले. गेल्या कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते.

माझी समजूत घालायला मला एडगर एड्रियन आठवला. केंब्रिजचा हा माणूस १९२०च्या दशकात एकेका चेतातंतूचा आवाज पकडायला निघाला होता, आणि त्याच्याकडे होते वॉल्व्ह, बाबांच्या रेडिओतले असायचे त्याच कुळातले. एकदा तो भेकाच्या डोळ्याकडून येणाऱ्या चेतेवर तारा लावून काही प्रयोग करत होता. खोली जवळजवळ अंधारी. स्पीकरमधून सारखी खरखर येत होती, थांबायची, परत यायची. कुठे काय बिघडलंय ते कळेना. मग त्याच्या लक्षात आलं की आपण खोलीत हललो की ती येते. भेकाचा डोळा त्याला बघत होता, आणि स्पीकर त्याच्याच येरझाऱ्या त्याला ऐकवत होता. १९३२ साली शेरिंग्टनबरोबर त्याला नोबेल मिळालं. मी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे त्यालाही आधी मिक्सरच लागला." पूर्ण बरोबर नाही, त्याला ऐकू आलं ते खरोखर चेतेतलं होतं. पण मी वाद घातला नाही.

खरी टकटक आली त्यानंतर दोन दिवसांनी, नव्या पायावर, काकूंचा मिक्सर, सगळे दिवे, पंखे बंद असताना, रात्री. एक जुना दाताचा ब्रश घेऊन मी पायावरच्या काट्यांना हलकेच स्पर्श केला. झुरळाच्या पायाला हे जे काटे असतात त्यांच्या मुळाशी चेतापेशी असते. काटा वाकला की ती बोलते. स्पीकरमधून सर्रकन एक पुंजका आला, कोरड्या पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. ब्रश उचलला, थांबला. दाबून धरला, तर आधी गर्दी आणि मग विरळ, विरळ, जणू काट्याला सवय झाली. परत टेकवला, परत पुंजका.

मी वर्गात 'ऑल ऑर नन' शिकवते. आवेग येतो तर पूर्ण येतो, नाहीतर येतच नाही; त्याचा आकार लहानमोठा होत नाही, संख्या कमीजास्त होते. एड्रियननेच ते दाखवून दिलं. वाक्य मी तोंडपाठ म्हणते. पण त्या रात्री ऐकलं तेव्हा प्रथमच जाणवलं की जोरात आणि हळू यातला फरक सांगायला त्या चेतेकडे दुसरं अक्षरच नाही. टक. नुसता टक. कमी टक, जास्त टक. गरम तवा असो की पावसाचा थेंब, माझ्या हाताकडून मेंदूकडे निघतो तोही याच एका अक्षराचा जप. कुठल्या तारेवरून आला यावरून मेंदू ओळखतो की हा तवा होता.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन वर्गात मुलांना ऐकवायचं ठरवलं. सत्तावन्न मुलं होती, तीनचार जणांचे कॅमेरे चालू. मी ब्रश फिरवला. मला मोठी टकटक ऐकू येत होती. "मॅडम, काही नाही येत." परत फिरवला. "मॅडम, तुमचा आवाज येतोय, बाकी शांत आहे." दहा मिनिटं अशी गेल्यावर एका मुलाने सांगितलं की मॅडम, त्या सॉफ्टवेअरमध्ये पाठीमागचा गोंगाट आपोआप पुसायची सोय असते. त्याला माणसाचा आवाज हवा असतो. बिस्किटाच्या डब्यात, पंधरा दिवस खपून वेगळी काढलेली माझी टकटक त्याने कचरा समजून काढून टाकली होती. ती सोय बंद केली आणि मग पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "ईऽऽ! हे त्याचं आहे?"

उलटाही प्रयोग केला. बाबांच्या ट्रान्झिस्टरच्या इयरफोनची वायर टाचण्यांना जोडली, म्हणजे आता पाय ऐकणार. विविध भारतीवर काहीतरी चाललं होतं. गाण्याच्या सुरांवर पाय ढिम्म. तबला सुरू झाला, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यावर पाय झटकला गेला. परत घुमारा, परत झटका. वरच्या पट्टीतला आवाज इतका भरभर आलटून पालटून येतो की चेतेला त्याची दखल घ्यायला वेळ मिळत नाही. खालच्या आवाजाचा धक्का संथ आणि जाड असतो. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ साली बेडकाचे पाय विजेने उडतात हे छापलं, आणि ती वीज बेडकाची की धातूची यावरून व्होल्टाशी त्याचा वाद जुंपला. त्या वादातून १८०० साली व्होल्टाची बॅटरी निघाली. आमच्या डबीतली नऊ व्होल्टवाली तिचीच पणती. बाबांनी मात्र दोन मिनिटांत वायर काढायला लावली. "मेल्यावरसुद्धा ताल धरायला लावतेस त्याला," म्हणाले.

आमच्या घरापासून कुलाब्याचं टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, फार लांब नाही. तिथे १९६२ साली ओबेद सिद्दिकींनी मॉलिक्युलर बायॉलॉजीचा विभाग उभा केला. पुढे फळमाशांकडे वळून १९७६ मध्ये त्यांनी सीमोर बेंझर या अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर एक निबंध छापला. त्यातल्या माशा साध्या तापमानाला ठणठणीत असत, आणि उष्णता थोडी वाढवली की जागच्या जागी लुळ्या पडत, गार केलं की पुन्हा उठत. एका जनुकातला बिघाड, आणि चेतेतला संदेश ठरावीक तापमानाला अडतो. त्यांची माशी तांदळाएवढीही नसते. तिच्या अंगात तारा रोवून ऐकणाऱ्यांनी पन्नास हर्ट्झच्या गुणगुणीला किती शिव्या घातल्या असतील, याचा विचार मी बेस्टच्या बसमधून नेव्हीनगरकडे बघताना आता करते.

त्यानंतर बाबांनी हळूच विचारलं, की माणसाच्या हाताचं येईल का यावर. येतं. स्नायूचे आवेग झुरळाच्या टकटकीपेक्षा मोठे असतात, कातडीवरूनही सापडतात; केमिस्टकडे ईसीजीच्या चिकटपट्ट्या मिळतात. फक्त त्यांचा आवाज जरा खालच्या पट्टीतला असतो, म्हणून गाळणी खाली आणावी लागते. बाबांनी एक कपॅसिटर बदलायला लावला आणि एक नियम घातला: अंगाला पट्टी असताना डबीला नुसती बॅटरी, आणि फोन लावायचा तर त्याला चार्जर नाही. हा नियम मी मोठ्या अक्षरात डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलाय, कोणी करून बघणार असेल तर तुम्हीही लिहा. पण माणूस म्हणजे झुरळाच्या पायापेक्षा केवढी मोठी एरियल! पट्ट्या लावल्या की गुंऽऽ इतका वाढायचा की बाकी काही ऐकूच यायचं नाही. मी अर्थची तिसरी पट्टी कोपरावर लावली, वायरींना पीळ दिला, बाबांना खोलीच्या मधोमध बसवलं. काही उपयोग झाला नाही. "राहू दे," म्हणाले.

१२ ऑक्टोबरला सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला वीज गेली. आधी वाटलं आपल्याच चाळीची. मग गॅलरीतून कळलं समोरच्यांचीही. मग ठाणे, मग लोकल बंद, मग सगळी मुंबईच. मुंबईकराला वीज जाण्याची सवय नाही, त्यामुळे लोक गॅलरीत येऊन आकाशाकडे बघत होते, जणू तिथून काही कळणार होतं. माझा वर्ग अर्ध्यात तुटला. पंख्याविना घामाघूम होऊन मी आत आले तर बाबा टेबलापाशी उभे होते. त्यांनी डबीचं बटण दाबलं होतं आणि टाचणीच्या वायरीला बोट लावून ठेवलं होतं.

आवाज नाही. बारीक पावसासारखा सर्र, बस.

"मेलीय काय गं ही?"

त्यांनी बोट उचललं, परत टेकवलं. सत्तर वर्षांत त्या बोटाला कधी असं उत्तर मिळालं नसणार. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. गुणगुणायला भिंतीत काही उरलंच नव्हतं. ना फ्रिज, ना चोक, ना काकूंचा मिक्सर, ना समोरची लिफ्ट. अख्ख्या शहरातला गुंऽऽ गेला होता.

पट्ट्या मी धावत जाऊन आणल्या. दोन उजव्या अंगठ्याच्या गादीवर, एक कोपरावर. ती गादी डाव्या हातापेक्षा बसकी झालेली आहे हे पट्टी नीट चिकटेना तेव्हा दिसलं. "दाबा," मी म्हटलं.

टप्. टप्… टप्. मग जोर लावल्यावर थोडी तडतड, मध्येमध्ये खंड पडणारी. बाबांची मान तिरकी झाली होती. बराच वेळ त्यांनी वेगवेगळ्या जोराने दाबून बघितलं, ट्यूनिंगचा काटा मागे-पुढे करावा तसं. मग स्वतःच पट्ट्या सोडवल्या आणि डावा हात पुढे केला. मी लावल्या. डाव्या अंगठ्याने नुसतं टेकवताच मोहरी तडतडली, दाट, सलग, खोली भरून.

"हे गावातलं स्टेशन," ते म्हणाले. उजव्या हाताकडे बघून, "ते सिलोन."

आम्ही दोन्ही हात आळीपाळीने ऐकत बसलो. दुपारी गॅलरीतून एकदम आरडाओरडा झाला, "आलीऽऽ!" पंखा फिरायला लागायच्या आधी स्पीकरमधून गुंऽऽऽ वर चढला आणि अंगठा त्यात बुडून गेला. बाबांनी अजून एकदोनदा दाबून बघितलं. मग पट्ट्या काढून त्यांच्या कागदावर परत चिकटवल्या.

"बॅटरी काढून ठेव," म्हणाले. "नऊ व्होल्टची महाग असते."